जीपमध्ये मोरचूद कोणी टाकलं?

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण खतांच्या दुकानात मोरचुदाचे निळे-हिरवे खडे दिसले, की ती जशीच्या तशी समोर उभी राहते. नाव मी कोणाचंच सांगणार नाही. त्यातला गाढवपणा मात्र बिनदिक्कत माझ्या नावावर लिहा.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि आपल्याला माणसं ओळखता येतात असा माझा ठाम समज होता. एका सकाळी हजेरी चालू असताना फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"सायेब, गावाची मोटार बंद पडली न्हाई, पाडली. मोटारवालीनं केबलच्या जॉइंटला मोरचूद लावलं. पेटी उघडून बघा, हिरवंगार हाय समदं."

गाव डोंगरकड्याच्या बाजूचं. मोटारवाली म्हणजे गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर मोटार चालू-बंद करणारी बाई. विहिरीजवळच्या खोलीत भिंतीवर एक लोखंडी पेटी होती. खांबावरून आलेली केबल आणि मोटारीकडे जाणारी केबल तिथं बोल्टांनी जोडलेली. मी पेटी उघडली. एक जोड जळून काळा पडला होता आणि उरलेल्या दोन्हींवर खरंच निळसर हिरवा थर. मोरचूद मी ओळखत नाही असं थोडंच आहे!

फिर्याद द्यायला तात्या पुढे आले. गावात त्यांचा शब्द चालायचा आणि मोटारीवर त्यांना पुतण्याला बसवायचं होतं. ही दुसरी गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. फक्त तिचं काय करायचं ते सुचलं नाही.

"भर ग्रामसभेत बोलली ती," तात्या म्हणाले. "मला काढलं तं गावात पानी कसं येतं ते बघते, म्हणली. समद्यांनी ऐकलं. इचारा कोनालाबी."

विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल झाला. पंचायतीनं तिच्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली. आरोपपत्र गेलं की तिला कायमचं कमी करायचं, हे सगळ्यांचं ठरलेलंच होतं. तिचं घर त्या कामावर चालत होतं.

मी फर्मावलं, "बाईला ठाण्यात बोलवा." आमच्या महिला शिपायांनी शांतपणे आठवण करून दिली, "साहेब, महिलेची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते." मी म्हणालो, "माहीत आहे. तुमची परीक्षा घेत होतो." त्यांनी मान डोलावली. विश्वास अजिबात ठेवला नाही.

घरझडतीत मोरचुदाची पुडी सापडली. मला इतका आनंद झाला की ती मी पंचांपुढे वर धरून दाखवली.

"हे काय आहे, बाई?"

"मोरचूद. लिंबाच्या झाडांना चुन्यात कालवून लावायला."

पंचांपैकी एक शेजारी हळूच म्हणाला, "सायेब, हे तं माझ्याबी घरात हाय."

"मग तुम्हालाही घेऊ का सोबत?" मी गरजलो. त्या पंचनाम्यातलं एकमेव शहाणं वाक्य मी असं बंद पाडलं.

चौकशीत बाई एका सुरात बोलत राहिली. "म्या त्या पेटीला हात लावला न्हाई. माझं काम बटन दाबायचं."

"ग्रामसभेत बोललीस का नाही?"

"बोलले. आजबी बोलते."

"म्हणजे धमकी दिली."

"धमकी काहून दीन? उन्हाळ्यात विहिरीला पानी कमी ऱ्हातं. कोन्या गल्लीला किती येळ सोडायचं ते इचारा तात्यांच्या पुतण्याला. म्हनून म्हणले, कसं येतं ते बघते."

मी लिहून घेतलं, पण समजून घेतलं नाही. पोलिसाच्या हाताला लिहायची सवय असते. डोक्याचं तसं नसतं.

मग तात्यांनी मोठेपणा दाखवला. तिनं ग्रामसभेत हात जोडून माफी मागावी, आपण प्रकरण मिटवू. हा निरोप आणि माफीनाम्याचा कागद मीच नेला, कारण मलाही प्रकरण उरकायचं होतं.

ती चुलीपुढून उठली. "माफी? कशाची? सायेब, तुमाला लिवायचं ते लिवा. मला सही येते, पर या कागदावर करणार न्हाई. मोटार बंद पाडली म्हणून माफी मागितली, तं ती म्याच पाडली असं व्हतं न्हाई का?"

बाहेर आल्यावर महिला शिपाई म्हणाल्या, "साहेब, गुन्हेगार असती तर माफी मागून मोकळी झाली असती." मी म्हणालो, "तुम्ही नवीन आहात."

आरोपपत्राचा मसुदा तयार झाला. तो घेऊन हिंगोलीला वरिष्ठांकडे निघालो, तर जीप चालू होईना. आमच्या चालकानं बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. त्याचा चेहरा अगदी गंभीर होता.

"सायेब, आपल्या जीपमदी मोरचूद कोनी टाकलं?"

बॅटरीच्या दोन्ही टोकांवर निळसर हिरवा, फुगलेला थर होता. पेटीत होता तसाच. मागून महिला शिपायांचं हसू ऐकू आलं. जमादार खोकल्याचं सोंग करत आत गेले.

मी थर खरवडला. खाली लालसर काहीतरी लागलं. कुंकू! दर अमावास्येला जीपची पूजा करायची, बॉनेट उघडून बॅटरीलाही हळदकुंकू लावायचं आणि वर नारळाचं पाणी शिंपडायचं, हा हुकूम ठाण्यात माझाच होता. आमच्या भागात हळद घरची, त्यामुळे हात सैल.

मोबाइलमधले पेटीचे फोटो मोठे करून पाहिले. न जळलेल्या दोन्ही जोडांवर बोटांचे लाल ठसे होते. आधी ते मला गंज वाटले होते.

जीप बंद, म्हणून जमादारांच्या मोटारसायकलवर मागे बसून गाव गाठलं. तात्यांना आरोपाचं काही विचारलंच नाही. म्हटलं, "तात्या, मोटारीची पूजाअर्चा नीट होत होती ना?"

तात्या खुलले. "म्हंजे काय! दर अमावास्येला म्या सोता करतो. बटन बंद करायचं, पेटी उघडायची, तिन्ही फेजला हळदकुंकू, वरून नारळाचं पानी. कंजुषी न्हाई केली कदी."

"पेटीच्या आत?"

"मंग? देव काय झाकनाला असतो व्हय?"

नोकरीतली माझी सर्वांत सोपी कबुली ही. गरजावं लागलं नाही, दम द्यावा लागला नाही.

विद्युत निरीक्षकांना जप्त जोड दाखवले. अहवाल सरळ होता: जोडांवर टेप नाही, झाकणाला रबर नाही, आत ओल आणि खारट घाण. त्यानं तांबं खाल्लं, जोड सैल पडला, तापला आणि जळला. हिरवा थर बाहेरून कोणी लावलेला नव्हता. तांबंच हिरवं झालं होतं.

मी 'क' समरी तयार केली, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल. वरिष्ठांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"तात्यांचा फोन येऊन गेलाय. आरोपपत्र टाका, पुढचं कोर्ट बघेल."

"नाही टाकणार, सर."

"बदली होईल."

"निवृत्ती त्याच्या आधी होईल, सर."

"आणि यात ठाण्याच्या जीपची बॅटरी काहून घातली? खात्याचं हसू होईल."

"आमच्याकडे तेच झालं म्हणून तिथलं कळलं, सर. ते काढलं तर अहवाल लंगडा होईल."

त्यांनी अहवाल माझ्याकडे परत सरकवला. मी तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. एका बाईनं माफीच्या कागदावर सही नाकारली होती. मला तर नुसतं उभं राहायचं होतं. अहवाल गेला, मंजूर झाला. बाईला किल्ली परत मिळाली. खात्याचं हसू झालं आणि खातं जिवंत आहे.

निवृत्तीनंतरच्या दसऱ्याला त्या गावानं मला मोटारीच्या पूजेला बोलावलं. पेटी नवी होती. जोडांवर टेप, झाकणाला रबर आणि झाकणाला कुलूप. तात्या ताट घेऊन उभे, बाई कुलपापुढे उभी.

"कुलूप काढ," तात्या म्हणाले.

"न्हाई काढत. झाकनाला लावा काय लावायचं ते."

"सायेब, सांगा हिला."

मी म्हणालो, "तात्या, मी नोकरीत असतो तरी हिनं मला झडतीचं वॉरंट मागितलं असतं."

लोक हसले. नोकरीनं मला एवढंच शिकवलं, की माणूस ओरडून काय बोलला याला साक्षीदार शंभर मिळतात आणि तो का बोलला हे त्यालाच विचारावं लागतं. मी विचारलं होतं; उत्तर ऐकलं नव्हतं.

तात्यांनी पुन्हा कुलपाकडे हात नेला. बाई हलली नाही.

"काढा," ती म्हणाली. "मंग गावात पानी कसं येतं ते बघते."

सगळ्यांनी ऐकलं. या वेळी ठाण्याला कोणी फोन केला नाही. तात्यांनी झाकणाला कुंकू लावलं, नारळ बाजूच्या दगडावर फोडला आणि बाईनं बटन दाबलं.