मावसभावाचा उद्देश

माझ्या मावसभावाइतका निरुद्देश माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि आपल्या उद्देशाबद्दल पान भरून लिहायची वेळ नेमकी त्याच्यावर आली. चुडाव्याच्या मावशीचा हा एकुलता एक. सोयाबीनवर फवारायचं औषध आणायला तिनं पूर्णेला धाडलं, तर हा संध्याकाळी रिकाम्या हातानं आणि भरल्या पोटानं परत. वाटेत कुणा अनोळखी माणसाच्या घरचं लग्न होतं. "वाढायला माणसं कमी पडायलती, आई," एवढंच त्याचं म्हणणं. एकदा आम्ही दोघं चारठाण्याची जुनी देवळं बघायला गेलो. देवळं मी पाहिली. हा बाहेर एका मेंढपाळापाशी बसला तो उन्हं उतरेपर्यंत. परतीच्या एसटीत मी खांबांवरच्या नक्षीबद्दल बोलत होतो आणि तो मला लोकर कोण नेतं, बोकड कोणत्या बाजारात खपतो आणि त्या मेंढपाळाचा सासरा किती कटकट्या आहे, ते सांगत होता.

एमबीएची प्रवेश परीक्षासुद्धा त्यानं दिली ती मला सोबत म्हणून. "एकट्याला करमायचं न्हाई तुला," म्हणाला. निकाल लागला तेव्हा या सोबत्याचे गुण माझ्यापेक्षा बरेच जास्त होते. पुण्याच्या कॉलेजानं दोघांकडून स्टेटमेंट ऑफ पर्पज मागवलं. म्हणजे आपल्याला तिथं कशासाठी जायचंय ते लिहून द्यायचं, असं मी मावशीला समजावलं. भाकरी थापता थापता ती थांबली.

"ह्याला? ह्याला दुकानाला कशाला धाडलं ते सांगता येत न्हाई."

माझं लिखाण केव्हाच तयार होतं. मी ते ऐटीत वाचून दाखवलं : उद्योगक्षेत्राचं नेतृत्व करावं, हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न. त्यानं शांतपणे विचारलं, "लहानपणी तर तू कंडक्टर व्हायचं म्हणायलतास की." तरी मी त्याच्यासाठीही तसलंच एक लिहिलं. त्यातला 'समाजाचा सर्वांगीण विकास' त्यानं खोडला, 'जागतिक दृष्टी' खोडली, आणि शेवटी कागदावर त्याचं नाव तेवढं उरलं. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी चिडलो.

"दादा, तुला जायचंय का न्हाई, तेवढं तरी सांग."

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "जायचंय रे. लय जायचंय. पण का जायचंय ते लिहायला बसलं, की आईला एकटी टाकून जायचं कारण लिहायलोय असं वाटतंय."

मावशी चुलीपुढून उठली नाही, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "शेत बटईनं देऊ, अर्ध्या वाट्यानं. आन् कारण मला नको सांगूस. त्यांला सांग."

मग त्यानं लिहिलं, जेमतेम अर्धं पान. मला माणसांत बसायला आवडतं. माणसं काय घ्यायला येतात आणि काय घेऊन जातात, हे मी आजवर नुसतं बघत आलो. ते आता नीट समजून घ्यावं वाटतं. मी भीतभीतच त्याचं इंग्रजी केलं. त्याला मुलाखतीला बोलावणं आलं, मला आलं नाही. मी जिंतूरला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, ते बरं चाललंय.

तो आता बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे. सकाळी कुणाशी बोलायचं, दुपारी कुणाशी, सगळं आधी ठरलेलं असतं. मागच्या दिवाळीला आला तेव्हाही फोन कानालाच होता. पण एका संध्याकाळी तो फोन घरी ठेवून निघाला आणि आम्ही दोघं चुडाव्याच्या स्टेशनावर जाऊन बसलो. म्हणाला, "आई एकटीला करमत न्हाई असं कधी म्हणत न्हाई बघ. म्हटली असती तर बरं झालं असतं." तेवढ्यात गाडी आली. पिशव्या, गाठोडी, पेंगुळलेली लेकरं घेऊन माणसं उतरली, आणि शेवटचं माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत तो त्यांच्याकडं बघत राहिला.

अंधार पडत आला होता. मी उठलो. "दादा, चल. मावशी वाट बघायली आसंल."

"हो, चल की," तो म्हणाला, आणि बसूनच राहिला. मग मीही पुन्हा त्याच्या शेजारी बसलो.