पडद्याबाहेरचा जावई

किग्गुंडूचं अर्धं आयुष्य कंपालाच्या एका इस्पितळात, अतिदक्षता विभागात नर्सचं काम करण्यात गेलं. मरणाच्या दारातून परत आणलेली माणसं बाजारात भेटली की त्याचे हात सोडत नसत. सासूबाईंची, म्हणजे नाबुकेरांची, फुप्फुसं थकली आणि "मरायचं तर माझ्या केळीच्या बागेत" असा हट्ट त्यांनी धरला. मग मसाकाजवळच्या त्यांच्या घरी तसाच विभाग उभा करायचं काम साहजिकच त्याच्या गळ्यात पडलं.

त्याने ते जीव ओतून केलं. वर-खाली होणारी खाट, ऑक्सिजनचं यंत्र, घशातला कफ ओढायचं यंत्र, वीज गेली तर बॅटऱ्या. सासूबाईंची गाडी अंगणात शिरली आणि हा मागच्या दाराने बाहेर! जावयाने सासूसमोर यायचं नाही, तिला शिवायचं तर नाहीच. शिवला की दोघांच्याही अंगात कायमचा थरकाप भरतो, हे युगांडातल्या बुगांडा भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नर्सिंगची पदवी होती त्याच्याकडे, पण असल्या भीती पदवीने कुठे जातात?

व्हरांड्यात त्याची खुर्ची, दाराला पडदा, आणि आत त्याची बायको, किझाची आई नाबातांझी. त्याने बाहेरून सांगायचं, तिने आतून करायचं.

"जावईबापू कोंबड्या राखतायत का गं बाहेर?" सासूबाई धापा टाकत विचारायच्या.

"कोंबड्या निदान ऐकतात म्हणावं," तो बायकोला सांगायचा. "मास्क काढू नका म्हणावं."

आतून खोकल्यासकट हसू यायचं. त्याला ते आवडायचं.

एका दुपारी त्यांच्या घशात कफ अडकला.

"नळी घाल. आणखी आत."

"जात नाहीये! किझाचे बाबा, ओठ काळे पडले हो!"

"मान मागे कर. पुन्हा घाल. घाबरू नकोस."

हे त्याला डोळे मिटून जमलं असतं. पडदा त्याच्या मुठीत होता. आत टाकायचं होतं एकच पाऊल, आणि ते त्याने टाकलं नाही. घरघर थांबली, तेव्हा क्षणभर त्याला वाटलं, जमलं हिला! मग नाबातांझीने हंबरडा फोडला.

कफनासाठी रीतीप्रमाणे झाडाच्या सालीचं कापड त्यानेच आणलं, तेही दारातूनच दिलं. माती दिली, पाहुणे पांगले. अंगणात भांडी घासता घासता नाबातांझी म्हणाली, "आईने मागेच सांगितलं होतं, 'अडलं तर त्याला आत बोलाव. माझे हात तसेही थरथरतात, आता आणखी काय थरथरणार!'"

"मग मला आत का नाही बोलावलंस?"

तिने मान वर केली. "बोलावलं असतं तर आला असतात?"

यंत्रं परत करायची होती, म्हणून तो उठला आणि पडदा बाजूला सारून खोलीत गेला. आता कुणाची आडकाठी नव्हती.