आधी वकिलांचं होऊ दे!

साठी उलटली की किस्से साठत जातात. आमच्या काचीगुड्याच्या कट्ट्यावर लघवी कुणालाच धड होत नाही, पण किस्से मात्र धो धो!

केबल टीव्ही नुकता घरोघर आला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या दत्तोपंत मास्तरांचं प्रोस्टेट इतकं वाढलेलं, की इराण्याच्या हॉटेलात एक चहा संपेपर्यंत दोन-तीनदा उठायचे. डॉक्टरांनी बजावलं, ऑपरेशन करा, नाहीतर एक दिवस लघवी तुंबेल. मास्तर हटून बसले. "नक्को रे भाई! नंतर 'ते' बंद पडलं तर?"

बापूराव वकिलांनाही तेच दुखणं. मास्तर म्हणाले, "आधी वकिलांचं होऊ दे. रिझल्ट बघू, मग ठरवू!"

*

आमच्याकडे पेशंटबरोबर अख्खं घर दवाखान्यात जातं. बापूरावांच्या एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला जावई. विचारणार कसं? शेवटी खाकरून म्हणाले, "डॉक्टरसाब, माझा एक अशील आहे. त्याला या ऑपरेशननंतर संसारसुख..."

डॉक्टर हसले नाहीत. "अशिलाला सांगा, दीड महिना थांबा. मग बहुतेकांचं पूर्वीसारखं चालतं. फक्त वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. त्याने काही बिघडत नाही."

सून छताकडे बघत होती.

*

कट्ट्यावर येऊन वकील कडाडले, "सारा देश एक्स्पोर्ट वाढवतोय, आणि माझाच बंद!"

"पण फॅक्टरी चालू राहील ना?" मास्तरांचा जीव तेवढ्यातच अडकलेला.

*

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मन चळू नये म्हणून बापूरावांनी घरची केबलच तोडायला लावली. वहिनी खवळल्या, "मन तुमचं चळतंय, आणि मालिका माझ्या बंद? वा रे वा!"

संध्याकाळपर्यंत केबल परत जोडली. बापूरावांना जपमाळ देऊन देवघरात बसवलं.

*

दीड महिना संपला. इकडे मास्तर कळवळायला लागलेले, डॉक्टर रागावलेले, आणि दुसऱ्याच सकाळी बापूराव हॉटेलात आलेच नाहीत! नऊ वाजले, दहा वाजले. "गेलं! बुडालं सगळं!" मास्तरांचा चेहरा पार उतरला. वाईट वाटलं हो मला. त्यांना घेऊन तडक वकिलांचं घर गाठलं.

दार वहिनींनी उघडलं. केसांत मोगऱ्याचा गजरा. आतून बापूरावांचं घोरणं ऐकू येत होतं.

आम्ही काही विचारायच्या आत वहिनी मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "भावजी, आजच ॲडमिट व्हा!"