भोंग्यातली शीळ

तलवाड्याच्या धुळाजीला शीळ यायची, आणि ती येते हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. चहाच्या टपरीवर, मयतीहून परतताना, ग्रामसभेत ठराव चालू असताना, कुठंही त्याची दोन बोटं तोंडात जायची. शीळ मात्र खरंच वेगळी होती. घशातल्या खालच्या सुरात सुरू व्हायची आणि कुठंही न तुटता वर चढत जायची, अगदी कानात सुई टोचेपर्यंत. माळावरचा चंडोल उडता उडता सूर चढवत नेतो, त्याच्याकडून आपण ती शिकलो, असं तो सांगायचा.

"चंडोल कशाचा? एष्टीच्या ब्रेकाकडून शिकलेत," त्याची बायको बायडाबाई म्हणायची.

शीळ ऐकली की धुळाजीची मेंढरं असतील तिथून धावत यायची. बायडाबाई येत नसे. याचं त्याला थोडं वाईट वाटे.

त्या साली लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला. माळावर कुसळसुद्धा उरलं नाही. तेव्हा मेंढपाळ सहकारी संस्थेनं तलवाड्यात चारा छावणी उघडली आणि पाठोपाठ उमापुरात दुसरी. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव. त्यांच्या घरात कुणी कधी मेंढी पाळली नव्हती; मेंढीशी त्यांची गाठ पडायची ती ताटात. पण संस्था मेंढपाळांची असली तरी अध्यक्ष बागायतदारच लागतो, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की निवडणूक कधी झाली हेही कुणाला सांगता येत नसे.

छावणीत जनरेटर धडधडायचा, टँकर घरघरायचे, भोंग्यावर अध्यक्षांचं कौतुक चालू असायचं. चाऱ्याच्या वेळी सगळ्यांची मेंढरं एकमेकांत मिसळायची आणि मालक ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. धुळाजी मात्र एक शीळ घालायचा, आणि त्या गलक्यातून नेमकी त्याचीच मेंढरं बाहेर पडायची.

हे शहादेवनं पाहिलं. शहादेव अर्जुनरावांचा पुतण्या. पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकून आला होता आणि नोकरी लागेपर्यंत छावणीचा तंत्रप्रमुख होता. म्हणजे भोंगा त्याच्या ताब्यात होता.

"धुळाजीमामा, तुमची शीळ म्हणजे चर्प आहे," तो म्हणाला.

"चरबी? मेंढरांच्या अंगात राह्यली न्हाई, शिळंत कुठून येईल?"

"चरबी नाही, चर्प. सूर सरकत वर जातो ना, त्याला म्हणतात. एकाच पट्टीतला आवाज जनरेटरखाली दबून जातो. तुमचा सूर सरकत राहतो, त्यामुळं त्याचा काही ना काही भाग गोंगाटातून सुटतोच. ज्याच्या डोक्यात ती चढण आधीच बसलेली असते, त्याला ती बरोबर जुळते. रडार असंच चालतं. वटवाघूळसुद्धा असाच आवाज सोडून किडे शोधतं, फक्त त्याचा सूर बहुतेक वरून खाली येतो."

धुळाजीला यातलं एवढंच कळलं की आपण रडारच्या बरोबरीचे आहोत. ही बातमी संध्याकाळपर्यंत त्यानं गावभर केली.

शहादेवनं ती शीळ मोबाइलवर उतरवून घेतली आणि चारा टाकायच्या वेळी भोंग्यावर लावायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत छावणीतली झाडून सगळी मेंढरं त्या आवाजाला धावायला लागली, मग मालक कुणी का असेना. अर्जुनरावांनी धुळाजीला शाल-नारळ दिला, फोटो काढला आणि स्वतः पुढं उभे राहिले. फोटोत धुळाजीचा एक कान आला. तो रोज भोंग्याखाली बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बोट करून सांगायचा, "ते मी हाय."

मग सरकारी तपासणी लागली; दोन्ही छावण्या बघायला एक अधिकारी मॅडम येणार होत्या. उमापूरच्या छावणीत मांडव होता, गव्हाणी होत्या, पाण्याचा हौद होता, अध्यक्षांचा हसरा फलक होता. मेंढरं तेवढी नव्हती; ती फक्त अनुदानाच्या कागदावर होती. अर्जुनरावांनी धुळाजीला बोलावलं.

"सकाळी तलवाड्याची तपासणी झाली की मॅडम आमच्या घरी जेवायला येतील. तेवढ्यात तुमची सगळ्यांची मेंढरं ट्रकनं उमापूरला न्यायची."

"कावून?"

"पाहुणी म्हणून. दुपारनंतर परत. आणि तिथं तोंडात बोटं घालू नको बे."

धुळाजीला ते काही बरं वाटलं नाही. पण अंगावर शाल होती, आणि पोटाला चारा संस्थेचाच होता. तो हो म्हणाला.

त्या दिवशी विमलबाईंनी, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नीनं, मॅडमना पुरणपोळीचा इतका आग्रह केला की ट्रक उमापूरला पोचून मेंढरांनी अंगावरची धूळसुद्धा झटकली. मॅडम आल्या, हिंडल्या, समाधान झाल्यासारख्या दिसल्या. धुळाजी हात खिशात कोंबून उभा होता. सगळं निभावलंच होतं. पण अर्जुनरावांना राहवलं नाही.

"मॅडम, हीबी छावणी डिजिटल हाय," ते म्हणाले आणि त्यांनी शहादेवला खूण केली.

भोंग्यातून शीळ निघाली. मेंढरांनी माना वर केल्या आणि लोंढाच्या लोंढा भोंग्याकडं धावला. वाटेतली मॅडमची खुर्ची आडवी झाली. मॅडम उभ्या होत्या म्हणून वाचल्या.

"ही सकाळचीच शीळ ना?" त्यांनी विचारलं. "तलवाड्याची शीळ उमापूरची मेंढरं कशी ओळखतात?"

"मेंढरूच ते, मॅडम. कुठल्याबी आवाजाला पळतं," अर्जुनराव म्हणाले.

शहादेवच्या शिक्षणाचा हा अपमान होता. "नाही काका, तसं नसतं," तो म्हणाला, आणि त्यानं मोबाइलवरून एक सरळ, एकसुरी शिट्टी वाजवून दाखवली. एकाही मेंढीनं मान हलवली नाही. "बघा मॅडम. नमुना आधी शिकवलेला असेल तरच तो जुळतो."

"मग यांना कुठं शिकवलाय?"

अर्जुनराव पुतण्याकडं बघत होते. शहादेवच्या डोक्यात आता कुठं उजेड पडायला लागला होता. मॅडम शहादेवच्या मोबाइलकडं कौतुकानं बघताहेत असं धुळाजीला वाटलं, आणि श्रेय भलतीकडं जाताना त्याला बघवेना. त्यानं हात खिशातून काढला.

"तलवाड्यात शिकवलंय," तो म्हणाला. "मी शिकवलंय. भोंग्यात मीच हाय."

उमापूरची छावणी त्याच दिवशी बंद झाली. चौकशी पूर्ण होईपर्यंत म्हणून तलवाड्याचीही बंद झाली. नसलेल्या मेंढरांना त्याचा काही त्रास झाला नाही. असलेली उपाशी राहिली. बाकीचे मेंढपाळ धुळाजीशी बोलेनासे झाले. तो आणि बायडाबाई कळप घेऊन गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात निघाले. वाटेत अशक्त होती ती मेली.

"त्या दिवशी तोंड मिटून बसला असता तर?" बायडाबाईनं विचारलं.

"मग ती शीळ शहादेवची ठरली असती," धुळाजी म्हणाला. ती झपाझप पावलं टाकत कळपाच्या पुढं निघून गेली, आणि त्याला मान वर करवेना.

शहादेवला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत त्यानं मेंढरांचा प्रयोग सांगितला, काका गाळले. अर्जुनरावांनी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. धुळाजी निम्मा कळप घेऊन परत आला आणि संस्थेच्या सभेला गेला. अध्यक्षपदासाठी अर्जुनरावांच्या विमलबाईंचं एकच नाव होतं. हात वर करा म्हणाले. धुळाजीनं केला.

"तू कावून केलास बे?" शेजारच्यानं विचारलं.

"समद्यांनीच केला," धुळाजी म्हणाला आणि चहा कुठवर आलाय ते बघायला लागला.