गुरं सोडीन म्हणाली, म्हणून शून्य मार्क

दिवाळीच्या सुट्टीनंतर कोथरूडमधल्या एका समुपदेशन केंद्रात मी अशी भडकले, की बाहेर बसलेल्या पालकांनी मोबाईलमधून माना वर काढल्या. राग अजून पुरता उतरलेला नाही... म्हणून लिहितेय.

माझी मावसबहीण सुरेखा पुण्याबाहेर मांजरी गावात राहते. थोडा ऊस, गोठ्यात म्हशी, एकत्र कुटुंब. तिची श्रावणी चौथीपर्यंत तिथल्या मराठी शाळेत पहिल्या दोघा-तिघांत असायची. यंदा पाचवीला तिला इंग्रजी शाळेत घातलं... आणि सहामाहीनंतर शाळेकडून निरोप आला, मुलगी मागे पडतेय, आयक्यू टेस्ट करून आणा.

सुरेखाला कोथरूडची फारशी माहिती नाही, म्हणून मी सोबत गेले. श्रावणी आत गेली तेव्हा हसत होती. बाहेर आली ती नखं कुरतडतच.

मग टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. मुलगी शेजारीच बसलेली, आणि तिच्या देखत म्हणाल्या, "बुद्ध्यांक सरासरीपेक्षा बराच कमी आहे. हे उपजत असतं हो, यात कुणाचा दोष नाही. अपेक्षा जरा कमी ठेवा."

सुरेखाच्या चेहऱ्याकडे बघवेना.

मी विचारलं, टेस्ट कोणत्या भाषेत घेतली? तर इंग्रजीत! शाळा इंग्रजी आहे ना, म्हणून. जूनपर्यंत जी मुलगी 'मे आय कम इन'च्या पुढे इंग्रजी बोलली नव्हती, तिची बुद्धी इंग्रजीत मोजली. मला उद्या कोणी जपानीत कोडी घातली, तर मीही 'सरासरीपेक्षा बरीच कमी'च निघेन.

"एक प्रश्न तर मराठीतून समजावला," असं मॅडमनीच वर ऐकवलं. शेजारच्या घरातून धूर येताना दिसला तर काय करशील? श्रावणीने सांगितलं, आधी गोठ्यातली गुरं सोडीन, मग मोटर चालू करून पाणी मारीन. अपेक्षित उत्तर होतं, फायर ब्रिगेडला फोन. मॅडम हे सांगताना हसल्या... मार्क शून्य.

सुरेखा एकदम म्हणाली, "अवो मॅडम, आमच्या भावकीत गोठा पेटला तवा हिनंच दावी सोडली. बंब येईस्तोवर काय म्हशी जळू द्यायच्या?"

"तसं असेलही," मॅडम म्हणाल्या, "पण आमच्या उत्तरांत ते बसत नाही."

आता पुढचं ऐका. निघताना त्यांनी एक रंगीत माहितीपत्रक आमच्या हातात दिलं... मुलांचा बुद्ध्यांक वाढवण्याचा कोर्स! इथे माझा तोल सुटला.

"अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात ना उपजत असतं? मग वाढवणार काय? आणि कोर्स करून वाढत असेल, तर अपेक्षा कमी ठेवा असं या मुलीला कोणत्या तोंडाने सांगता?"

मॅडमनी टेबलावरची बेल दाबली. पुढच्या पालकांना आत घेतलं गेलं.

त्यानंतर श्रावणीने वर्गात हात वर करणं सोडलं. अभ्यासाला बसवलं की म्हणायची, "मला येणारच नाय. मॅडमनी सांगितलंय ना." दहा वर्षांच्या मुलीने स्वतःला निकालात काढलं होतं... खरा संताप येतो तो याचा.

मग एका मैत्रिणीने नारायण पेठेतल्या एका वयस्कर मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. पहिल्या दिवशी त्यांनी टेस्ट घेतलीच नाही. नुसत्या गप्पा मारल्या, म्हशींची नावं विचारली. पुढच्या खेपेला वेगळी टेस्ट, मराठीतून, अगदी निवांत. श्रावणी सरासरीच्या वर निघाली... चांगलीच वर.

मी पेढे आणायच्या तयारीत होते. बाईंनी मलाच थांबवलं.

"या आकड्यावरही नाचू नका," त्या म्हणाल्या. "उपजत काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. पण ते किती, हे मुलीला कळेल असं विचारल्याशिवाय आपल्याला दिसणार कसं? आणि पुढे तिचा सराव, तिला मिळणारी मदत... ते तर या कागदावर नाहीच."

मुलीला फक्त इंग्रजीत आधार हवाय, असं त्यांनी शाळेला कळवलं. शाळेने, मान्य करायला हवं, ते ऐकलं. आता एक शिक्षिका शाळा सुटल्यावर तिच्याकडून इंग्रजी वाचून घेतात. परवा तिने वर्गात एक धडा मोठ्याने वाचला... अडखळत, पण शेवटपर्यंत.

नारायण पेठेतल्या त्या बाईंचे आभार मानावे तेवढे थोडे. पण त्यांच्याकडून निघालो तेव्हा जिना उतरताना श्रावणीने विचारलं, "मावशी, मग मधी इतके दिवस मी ढ होते का?"

"नाही गं बाळा. एक दिवससुद्धा नाही."

मी सांगितलं खरं... पण हे तिला सांगायला यायला हवं होतं त्या पहिल्या मॅडमनी.