मशीनला दोन माणसं लागतात

शिडी लावली की माणसं खरं बोलायला लागतात, म्हणून माझ्याकडे किस्से साठतात. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या रिटायर्ड मराठी मंडळींचे अ‍ॅटिक म्हणजे वरचे माळे, मीच तपासते. छपराखालचं इन्सुलेशन म्हणजे घराची गोधडी. ती पातळ झाली की ऊब वरून पळते. मी दहावी पास, हे सगळं व्हिडिओ बघून शिकले. आमचे हे एवढे मोठे इंजिनिअर, पण जाईपर्यंत एकदाही वर डोकावले नाहीत!

यंदा माझंच घर पणाला लागलं. दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून मुलाचा, निखिलचा फोन. "आई, एवढ्या घरात एकटी कुडकुडतेस. विकून टाक, इकडे ये."

"ख्रिसमसला येऊन बघ. गार वाटलं तर विकते. नाही वाटलं तर विषय बंद!"

*

नव्या इन्सुलेशनचं कोटेशन द्यायला कॉन्ट्रॅक्टर आला. दारातच विचारतो, "मिस्टर घरी आहेत?"

"आहेत ना! तो हार घातलेला फोटो. विचारा काय विचारायचंय ते!"

मग मीच पट्टी घेऊन वर चढले. सहा इंच! हवं त्याच्या निम्मंही नाही. त्याचं कोटेशन त्याच्याच हातात परत दिलं. म्हटलं, माझं मीच करते!

*

छपरावरचा बर्फ भराभर वितळला, तर समजायचं ऊब गळतेय. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत मैत्रिणीचं, शीलाचं छप्पर सगळ्यात पांढरं. मी फोन करून शाबासकी दिली.

"इन्सुलेशन कसलं गं! मुलं गेल्यापासून वरच्या मजल्याची हीट बंदच ठेवते. वर आहे कोण?"

मी नुसतं "बरं" म्हटलं.

*

इन्सुलेशन फुंकायचं मशीन भाड्यानं आणायला गेले. दुकानातली बाई म्हणाली, "दोन माणसं लागतात. एक खाली गठ्ठे घालायला, एक वर पाइप धरायला. तुमच्याबरोबर कोण आहे?"

घरी येऊन ह्यांच्या मित्राला, पाटील भाऊजींना फोन केला. तेही एकटेच. इस्त्रीचा शर्ट घालून हजर!

मी वरून ओरडतेय, "भाऊजी, पुरे! बंद करा!" मशीनच्या आवाजात ऐकतंय कोण? भाऊजी आपले गठ्ठ्यावर गठ्ठे घालताहेत! खाली उतरून मी त्यांना असं झापलं म्हणून सांगू!

भाऊजी शर्ट झटकत हसले. "वहिनी, फार दिवसांनी कुणीतरी माझ्यावर ओरडलं. स्प्रिंगमध्ये माझं अ‍ॅटिक करूया?"

*

ख्रिसमसला निखिल आला. बाहेर सगळं गोठलेलं. सकाळी पठ्ठ्या टी-शर्टवर किचनमध्ये! थर्मोस्टॅटवरचा तापमानाचा आकडा बघितला, परत बघितला.

"यू विन, आई. घर मस्त वॉर्म आहे. आता विकायचं नाव काढणार नाही."

मी चहा ओतला. तो कप घेऊन खिडकीशी उभा राहिला.

"पण किती शांत आहे गं इथे. बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. रोज असंच असतं?"

"मग बोल की काहीतरी!"