घरटी एक पोरगा

दुसऱ्याच्या पोराला मर्दपणा शिकवायला फार काही लागत नाही. तोंड लागतं, आणि ते तुम्हाला देवानं भरपूर दिलंय! पोरगं गाडीत बसलं की तुम्ही टाळ्या वाजवून घरी जेवायला जाता. कोण ते सांगत नाही. ज्याला टोचेल त्यानं ओळखावं.

मी बेळगावात कॉलेजला आहे. शनिवारी बेळगुंदीला घरी आलो की तालमीच्या कट्ट्यावर एक तरी नवा किस्सा तयार असतो. लढाई सुरू झाल्यापासून इतके साठलेत, की पोटात ठेवले तर अपचन होईल. म्हणून सांगून टाकतो.

*

कट्ट्यावरचा मुख्य आवाज पेन्शनर सुभेदारांचा. मिशीला पीळ देऊन ते रोज गर्जतात, "घरटी एक पोरगा पलटणीत पायजे! न्हायतर बांगड्या भरा!"

एकदा कुणीतरी विचारलं, "सुभेदार, तुमचा कुठल्या पलटणीत?"

"थोरला कचेरीत चिकटलाय. धाकट्याला धूळ सोसत न्हाय. शिंका येतात."

म्हादू न्हावी कुणाची तरी दाढी करत होता. वस्तरा न थांबवता म्हणाला, "मग जर्मनवाल्यास्नी सांगा की, पाणी शिंपडून लढाई करा म्हणावं!"

*

काकतीहून एक कुटुंब मुलीसाठी स्थळ बघायला आलं. मुलगा आघाडीवर, म्हणून त्याचा वर्दीतला फोटोच पाटावर ठेवला होता. बैठक खूश! मुलीच्या बापानं विचारलं, "नोकरी कायम हाय न्हवं?"

"एकदम कायम! सरकारी!"

दाराआडून मुलीची आई म्हणाली, "नोकरी कायम, बरं झालं. आणि माणूस?"

"बायकांनी मधे बोलू नये," सगळे पुरुष एकदम म्हणाले. सुपारी फुटली.

*

शेजारच्या भीमाचं वजन भरतीला कमी पडायचं. मेडिकलच्या दिवशी त्याच्या बापानं बेळगावच्या कॅम्पापर्यंत सगळ्या वाटेनं त्याला केळी चारली. "खा रं, अजून एक खा!" वर तांब्याभर पाणी. काटा बरोबर आला, भीमा पास!

बाहेर येताच भीमा भिंतीला धरून भडाभडा ओकला. मी धावलो, तर बापानं मला अडवलं.

"वकू दे. आता सरकारचं वजन हाय त्ये!"

*

आता आमच्या घरचं. माझे चुलते, आप्पा, यांना दोन मुलगे. थोरला शेतावर, म्हणून धाकटा मारुती पलटणीत, असं त्यांनी कट्ट्यावर बसून ठरवलं. पेन्शनरला लग्नात पहिला पाट मिळतो, हे आप्पांनी आयुष्यभर शेवटच्या पाटावरून पाहिलंय. मारुतीला विचारलं तर तो पायानं माती उकरत म्हणतो, "आप्पा म्हणतील तसं." काकू, साऱ्या गावाच्या आक्का, तर दिवसेंदिवस जेवेनाशा झालेल्या.

मी सगळ्यांसमोर आप्पांना गाठलं. "ज्यांनी आपल्याला गुलाम केलं, त्यांच्यासाठी मारुतीनं मरायचं? बाप आहात की एजंट?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "परवा तू सत्याग्रह करून जेलात जायला पोरं गोळा करत हुतास. तवा त्यांच्या आयांस्नी इचारलतास? मी निदान माझं देतोय. तू तर दुसऱ्याचं नेत हुतास!"

कट्टा हसून लोळला. जेल आणि पलटण यांत फरक आहे, जमीन-अस्मानाचा आहे, हे मी आजही ओरडून सांगेन! पण हसणाऱ्या माणसांपुढे लॉजिक चालत नाही.

*

मग आप्पांनी गावदेवीला नवस केला: मारुती भरती झाला तर बकरं देईन. त्याच संध्याकाळी काकू अनवाणी देवळात गेल्या: भरती नाही झाला तर खणानारळानं ओटी भरीन. दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नाही. पण गुरव एकच! त्यानं दोन्ही गाऱ्हाणी त्याच देवीपुढे, त्याच आवाजात घातली.

मारुती पास झाला. हलगी वाजवत त्याला गाडीत बसवून दिलं. वळणावर त्यानं एकदा मागं पाहिलं, आणि ते आप्पांकडे नव्हतं.

पुढच्याच मंगळवारी बकरं पडलं. सारा गाव जेवायला. सुभेदारांनी आप्पांना आपल्या शेजारी, पहिल्या पाटावर बसवलं. काकू देवळाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. ताटाकडे त्यांनी बघितलंही नाही.

हात धुऊन आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवीला बोललो त्ये दिलं! काय हातचं राखलं न्हाय!"

गुरव पायरीवरचं रक्त धूत होता. मान वर न करता म्हणाला, "व्हय की आप्पा. बकरं तुमचं दिलंसा. पोरगं तेवढं आक्काचं."